मैलापाणी आणि औषधांना दाद न देणारे जीवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी तपासणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नाल्याचं, नदीचं, सोसायटीच्या टाकीचं पाणी बाटलीत घेऊन येणारी माणसं जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन वाक्यांत आटोपली तर अर्धवट समज होतो आणि त्यातून एक तर घबराट पसरते, नाहीतर बेफिकिरी.

"माझ्या अंगाला अँटिबायोटिकची सवय झालीय" असं म्हणतात, तोच हा रेझिस्टन्स का?

नाही. सवय अंगाला होत नाही, बदल जीवाणूत झालेला असतो. कोट्यवधी जीवाणूंमध्ये एखादा असा निघतो की ते औषध त्याला मारू शकत नाही. कुणी औषधाचा रेणूच तोडणारं विकर तयार करतो, कुणी आत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलून टाकतो. औषधाने बाकीचे मेले की या उरलेल्याला रान मोकळं मिळतं.

म्हणूनच जन्मात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही असा जीवाणू लागू शकतो. तो दुसऱ्या कुणाच्या पोटातून निघून, पाण्यातून फिरत त्याच्यापर्यंत आलेला असतो.

मैलापाण्यात हे येतात कुठून? हॉस्पिटलमधूनच ना?

हॉस्पिटलच्या सांडपाण्यात त्यांचं प्रमाण जास्त असतं, कारण शेवटच्या फळीतली औषधं तिथेच वापरली जातात. पण शहराच्या एकूण मैलापाण्यात हॉस्पिटलचा वाटा थोडा आणि घरांचा फार मोठा. तुमच्या-माझ्या आतड्यातले जीवाणू रोज सकाळी ड्रेनेज लाइनमध्ये जातात. सोबत औषधही जातं. अमॉक्सिसिलिनची गोळी घेतली, तर तिचा निम्म्याहून जास्त भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे एकाच पाइपात औषध, औषधाने मरणारे जीवाणू आणि औषधाला पुरून उरलेले जीवाणू असे तिघे एकत्र वाहत असतात.

तिसरा स्रोत औषध कारखान्यांचा, आणि त्याची भारतातली सगळ्यात भयंकर नोंद हैदराबादजवळच्या पतंचेरूची आहे. तिथे सुमारे ९० औषध कंपन्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात येत होतं. स्वीडिश संशोधकांनी त्या केंद्रातून *शुद्ध होऊन बाहेर पडणारं* पाणी तपासलं. २००७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार त्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. ते औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. अशा पाण्यात जो जीवाणू जगतो तो कसा असेल, हे वेगळं सांगायला नको.

मैलाशुद्धीकरण केंद्रात हे मरत नाहीत का?

बरेचसे मरतात किंवा गाळाबरोबर खाली बसतात. सगळे नाही.

केंद्रात पाणी आलं की आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या, पॅड अडकतात. मग वाळू बसते. त्यानंतर खरं काम करणारी टाकी येते, जिच्या तळातून ब्लोअर हवा सोडत असतो. टाकी नीट चालत असेल तर पाण्याचा रंग करपलेल्या चहासारखा दिसतो आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण अनुभवी ऑपरेटर वासावरूनच टाकीची तब्येत सांगतो. तो एक लिटरच्या उभ्या मोजपात्रात टाकीतलं पाणी भरतो आणि अर्धा तास हलवत नाही. तपकिरी गाळ हळूहळू खाली बसतो आणि वरचं पाणी इतकं नितळ होतं की मोजपात्राच्या मागे धरलेला कागद वाचता यावा.

फसगत होते ती या नितळ पाण्यापाशी. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू साधारण १ कोटी असतात. केंद्राने ९९ टक्के काढले, तर उरतात १ लाख. ९९.९ टक्के काढले, तरी उरतात १० हजार. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेतली मर्यादा आहे १००० च्या आत. म्हणजे "आमचं केंद्र ९९ टक्के जंतू काढतं" हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण तेवढ्यावर मर्यादेच्या शंभर पट जीवाणू नदीत जातात.

यात ऑपरेटरचा दोष नाही. हवा भरून गाळाच्या जीवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला निघाली, पेनिसिलिन सापडायच्या १४ वर्षं आधी. नदीतला ऑक्सिजन टिकावा, मासे मरू नयेत, दुर्गंधी जावी, यासाठी ती आखलेली होती. औषधाला दाद न देणारा जीवाणू तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

उलट केंद्रातच असे जीवाणू तयार होतात, असं वाचलं. खरं आहे?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचा फार गवगवा होतो.

जीवाणूंकडे प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी सुटी कडी असतात. दोन जीवाणू एकमेकांना चिकटले की एकाकडचं कडं दुसऱ्याला मिळतं, आणि दोघे वेगवेगळ्या जातीचे असले तरी पुष्कळदा चालतं. एका कड्यावर तीन-चार औषधांविरुद्धचे जीन शेजारी शेजारी असू शकतात. जस्त-तांब्यासारख्या धातूंना तोंड देणारे जीनही कधी त्याच कड्यावर बसलेले असतात. त्यामुळे औषध नसलेल्या, पण धातू असलेल्या पाण्यातही ते कडं टिकून राहतं. हवेच्या टाकीत जीवाणूंची दाट वस्ती, भरपूर खाणं आणि औषधाचा थोडा थोडा अंश, असं सगळं एकत्र मिळतं. तिथे अशी देवाणघेवाण होते, यात शंका नाही.

पण पुढचं लक्षात घ्या. बाहेर पडणाऱ्या पाण्यातली अशा जीवाणूंची एकूण संख्या जवळपास नेहमीच घटलेली असते. वाचलेल्यांमध्ये रेझिस्टंट किती, हे प्रमाण काही केंद्रांत वाढलेलं दिसतं, काहींत कमी झालेलं. आणि केंद्र नसेल, तर हीच देवाणघेवाण नाल्यात होते. तिथे संख्या घटवणारं काहीच नसतं. "एसटीपीमुळे (म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्रामुळे) सुपरबग, म्हणजे औषधांना दाद न देणारे जीवाणू पसरतात, म्हणून आमच्या वस्तीजवळ एसटीपी नको" असा युक्तिवाद मी एका बैठकीत ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे.

मग क्लोरीन टाकलं की झालं?

क्लोरीनने मोठा फरक पडतो, फक्त ते नीट टाकावं लागतं. मैलापाण्यात अमोनिया असतो. क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग पावतं आणि त्याची ताकद उतरते. शिवाय जीवाणूंना क्लोरीनच्या पाण्यात पुरेसा वेळ, साधारण अर्धा तास, राहावं लागतं. पाइपात ठिबकवलं आणि पुढच्याच मिनिटाला पाणी नाल्यात सोडलं, तर हायपो (क्लोरीनचं द्रावण) फुकट जातो.

यूव्ही किरण जीवाणूचा डीएनए बिघडवतात, पण पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणांच्या सावलीत जीवाणू सुखरूप राहतात. ओझोन जोरकस आहे आणि महागही. सर्वांत भरवशाची पटलं, म्हणजे मेंब्रेन. त्यांची छिद्रं जीवाणूपेक्षा लहान असल्यामुळे जीवाणू अलीकडेच अडतो. मेलेल्या जीवाणूंमधून सुटलेला डीएनए मात्र काही प्रमाणात पलीकडे जातोच.

माझं मत विचाराल, तर आपल्या शहरांत आधी साधं निर्जंतुकीकरण रोज, न चुकता व्हावं. ओझोनची चर्चा त्यानंतर.

हे जीवाणू तुम्ही ओळखता कसे? सूक्ष्मदर्शकातून दिसतात?

सूक्ष्मदर्शकातून साधा ई. कोलाय (आतड्यात राहणारा जीवाणू) आणि रेझिस्टंट ई. कोलाय सारखेच दिसतात. आम्ही दोन प्लेटा घेतो. दोन्हींत मॅक्कॉन्की अगर हे लालसर माध्यम असतं; एकीत ते नुसतं, दुसरीत सेफोटॅक्झिम हे औषध मिसळलेलं. दोन्हींवर त्याच पाण्याचा थेंब पसरायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी नुसत्या प्लेटवर गडद गुलाबी ठिपके उमटलेले असतात. औषधाची प्लेट खरं तर कोरी हवी. नाल्याचं पाणी असलं की ती कोरी नसते. तिच्यावरही गुलाबी ठिपके असतात, आणि तेच मोजायचे असतात.

त्यातला एक ठिपका उचलून दुसऱ्या प्लेटवर गालिच्यासारखा पसरवतात आणि वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडतं. जे चालत नाही, तिथे वाढ चकतीच्या कडेला येऊन भिडते. सहा चकत्यांपैकी एकीभोवतीच रिंगण असलेली प्लेट मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती कुठल्या रुग्णाची नव्हती, शहरातून वाहणाऱ्या एका उघड्या नाल्याची होती. ती प्लेट मी अजून विसरलेलो नाही.

भारतात हे पाण्यात खरंच सापडलंय का, की परदेशी लोकांचं कुभांड?

हा प्रश्न दिल्लीच्या प्रकरणामुळे येतो. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णात नवा जीन आढळला. त्या रुग्णावर त्याआधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून जीनला नवी दिल्लीच्या नावावरून 'एनडीएम-१' म्हटलं गेलं. कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना हा जीन निकामी करतो. नावावरून आपल्याकडे संताप झाला, आणि शहराचं नाव रोगाशी जोडणं मलाही पटत नाही.

पण त्या वादात पाण्याचा मुद्दा वाहून गेला. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीतले नमुने घेतले गेले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. रस्त्याकडेला साचलेल्या व ओहळांतल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हा जीन सापडला. कॉलरा आणि हगवणीच्या जीवाणूंतही तो शिरलेला होता. ते कुभांड नव्हतं.

आपल्या शहरांचं किती मैलापाणी शुद्ध होतं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी, म्हणजे दशलक्ष लिटर, मैलापाणी तयार होतं. केंद्रांची क्षमता ३१,८४१. प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६, म्हणजे जेमतेम २८ टक्के. उरलेलं थेट नाला, नदी, खाडी.

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथल्या सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नव्या केंद्रांचा, ३९६ एमएलडीचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे.

पुण्याचा विषय पुण्यापुरता राहत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं, आणि पुढे तीच भीमा पंढरपूरची चंद्रभागा होते. वाटेत ऊन, वेळ आणि धरणातला मोठा साठा यांमुळे विष्ठेतले जीवाणू पुष्कळ कमी होतात. निसर्गाचे हे उपकार आहेत. त्यांच्या भरवशावर शहराने आपलं काम अर्धवट सोडावं, हे मला मान्य नाही. वाटेतली मांजरी, थेऊरसारखी गावं तर धरणाच्या कितीतरी आधी लागतात.

आमच्या सोसायटीत एसटीपी आहे. तेच पाणी फ्लशला आणि बागेला जातं. धोका आहे का?

एसटीपी नीट चालत असेल तर काळजीचं कारण नाही. अडचण त्या 'नीट'मध्ये असते.

एका सोसायटीने बागेला मारायच्या पाण्याला वास येतो म्हणून मला बोलावलं होतं. तळघरात गेलो तर सडक्या अंड्यांचा वास. ऑपरेटर साधा, कष्टाळू मुलगा. त्याने लगेच सांगितलं की वीजबिल वाचवायला रात्री ११ ते सकाळी ६ ब्लोअर बंद ठेवायला कमिटीने सांगितलंय. हायपोचा डोसिंग पंप बिघडलेला होता आणि शेजारचा कॅन तळाशी वाळून पांढरा झाला होता. आणि हे पाणी संध्याकाळी हिरवळीवर फवाऱ्याने उडत होतं, तेव्हा तिथे मुलं खेळत होती. औषध घातलेल्या प्लेटवर इतके ठिपके आले की मोजता आले नाहीत. ब्लोअर चोवीस तास चालू झाला, पंप दुरुस्त झाला, आणि महिन्याभराने त्याच नळाच्या पाण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठिपके उरले.

म्हणून कमिटीत असाल तर वीजबिलाइतकंच लक्ष ब्लोअरकडे द्या. बागेला फवारा नको. ठिबक किंवा पाइप लावा. या पाण्याच्या नळावर ठळक पाटी हवी आणि त्या नळाला मुलांचा हात पोचू नये. ग्रामपंचायतीत करतात ती क्लोरोस्कोपची ओटी टेस्ट सोसायटीतही करता येते. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आलाच नाही, तर क्लोरीन पोचलेलं नाही.

पिण्याचं पाणी उकळलं तर हे जीवाणू मरतात का?

मरतात. औषधाला दाद न देणारा जीवाणू उष्णतेपुढे इतर जीवाणूंसारखाच मरतो. चांगली उकळी येऊ द्या.

नदीकाठच्या मळ्यातली भाजी खावी की नाही?

खावी, धुऊन आणि शिजवून. पालक, मेथी, चवळई शिजतातच. प्रश्न कोथिंबीर, कांद्याची पात, गाजर, मुळा, काकडी यांचा, कारण त्या आपण कच्च्या खातो. त्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवा.

यात शेतकऱ्याला दोष देऊ नका. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शहराचं वापरलेलं पाणी बेबी कालव्यात सोडलं जातं आणि हवेली-दौंडकडची शेती त्यावर होते. शहराने धरणाचं पाणी घ्यायचं आणि बदल्यात शेतीला हे द्यायचं, असा तो व्यवहार आहे. मग जे द्यायचं ते निर्जंतुक करून देणं हे शहराचंच काम ठरतं. त्या पाण्यात पाय बुडवून दारं धरणारी माणसं खाणाऱ्याच्याही आधी धोक्यात असतात. गमबूट, हातमोजे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, एवढं त्यांच्यापर्यंत पोचलं तरी बराच फरक पडेल.

एसटीपीच्या गाळाचं खत वापरू का?

ओला, ताजा गाळ अजिबात नको. टाकीतून बाहेर काढलेले जीवाणू त्यातच बसलेले असतात. नीट तापलेलं कंपोस्ट झालं असेल, तर ते बरंच सुरक्षित. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने वाळलेला गाळ कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करून खतासाठी दिला जातो. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांनी हे बघावं असं मला फार वाटतं.

असा जीवाणू पोटात गेला तर मी लगेच आजारी पडेन?

बहुधा नाही. तो आतड्यात इतरांबरोबर गुपचूप राहतो. नेदरलँड्समधल्या प्रवाशांच्या एका मोठ्या अभ्यासात, दक्षिण आशियात फिरून परतलेल्या चारांपैकी तिघांच्या आतड्यात असे जीवाणू नव्याने आलेले आढळले, आणि ते धडधाकट होते. त्रास होतो तो पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली किंवा बाळ दिवसांआधी जन्माला आलं, की. तेव्हा तोच जीवाणू उठतो आणि नेहमीचं औषध चालत नाही. २०१९ मध्ये भारतात औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गामुळे थेट झालेले मृत्यू सुमारे २ लाख ९७ हजार होते, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे.

उरलेल्या गोळ्या फ्लश करू का?

नको. बेसिनमध्येही ओतू नका. औषध दुकानदार परत घेत असेल तर त्याला द्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक आणूच नका. पाकिटावरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे.

यासाठी कायदा काही आहे का?

विष्ठेतल्या कोलिफॉर्मसाठी मर्यादा आहे. रेझिस्टंट जीवाणूंसाठी मैलाशुद्धीकरण केंद्रांना वेगळी मर्यादा नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावं, याचा मसुदा जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने काढला होता. जगात असं करणारे आपण पहिल्या काही देशांत ठरलो असतो. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गाळल्या गेल्या. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात मोठ्या शहरांच्या मैलापाण्यात रेझिस्टन्सची नियमित तपासणी सक्तीची केली. केरळने औषध दुकानांवर नजर ठेवून विनाचिठ्ठी विक्रीला आळा घालायला सुरुवात केली, तेही अनुकरण करण्यासारखं आहे. गाळलेल्या मर्यादा परत आणाव्यात, ही मागणी मी जिथे बोलायला मिळतं तिथे करतो.

आमच्या एसटीपीचं पाणी तपासून घ्यायचं आहे. नमुना कसा आणू?

प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली घेऊन जा. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालत नाही. पाण्यात क्लोरीन टाकत असाल तर तसं आधी सांगा. मग बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालून देतात, नाहीतर वाटेत क्लोरीन जीवाणू मारत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. नळ दोन मिनिटं वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. 'फिकल कोलिफॉर्म' तपासणी मागा, आणि सोय असेल तर 'ईएसबीएल ई. कोलाय'ही, म्हणजे सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणारा ई. कोलाय. जमल्यास सकाळी सातला एक आणि रात्री उशिरा एक, असे दोन नमुने घ्या. ब्लोअर रात्री चालतो की नाही, हे त्या दोन निकालांतल्या फरकावरून कळतं.